म्हाताऱ्यांची वर्ल्ड सिरीज

वॉशिंग्टन ही अमेरिकेची राजधानी असली, तरी बेसबॉलच्या बाबतीत या शहराच्या वाट्याला फार उपेक्षा आली. १९२४ साली तिथल्या सेनेटर्स संघाने न्यूयॉर्क जायंट्सला हरवून वर्ल्ड सिरीज ही लीगची अंतिम मालिका जिंकली. निर्णायक सामना बारा इनिंगपर्यंत लांबला होता आणि वॉल्टर जॉन्सन हा थोर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, नवव्या इनिंगमध्ये येऊन तो जिंकून गेला होता. १९३३ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत पोचला, हरला आणि तिथून उतरती कळा लागली. १९६०च्या हंगामानंतर मालकांनी गाशा गुंडाळून संघ मिनेसोटाला नेला. शहराला त्याच नावाचा दुसरा संघ मिळाला, तोही १९७१नंतर टेक्सासला गेला. पुढचे ३३ हंगाम राजधानीत मोठ्या लीगचा संघच नव्हता. एक आख्खी पिढी शेजारच्या बाल्टिमोरचे सामने बघत मोठी झाली.

२००५ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलचा संघ वॉशिंग्टनला आणला गेला आणि त्याचं नाव ठेवलं नॅशनल्स. सुरुवातीची काही वर्षं तो गुणतक्त्यात तळाशीच असायचा. मग तरुण खेळाडू तयार झाले आणि २०१२, २०१४, २०१६, २०१७ अशी चार वर्षं संघ आपल्या गटात पहिला आला. पण बाद फेरी सुरू झाली की पहिल्याच मालिकेत घोडं पेंड खायचं. २०१२ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात ६-० अशी आघाडी घेतलेली असताना, पुढे विजय एका चेंडूवर आलेला असताना, संघ ९-७ असा हरला. ती रात्र वॉशिंग्टनकर विसरले नाहीत.

त्यात २०१९च्या हंगामाआधी ब्राइस हार्पर गेला. हार्पर म्हणजे संघाचा चेहरा. नॅशनल्सने त्याला दहा वर्षांसाठी ३० कोटी डॉलर देऊ केले होते. त्याने शेजारच्या फिलाडेल्फिया फिलीजचा १३ वर्षांचा ३३ कोटींचा करार स्वीकारला. नॅशनल्सने तोपर्यंत पैसा पिचिंगकडे वळवून पॅट्रिक कॉर्बिन या डावखुऱ्या पिचरशी सहा वर्षांसाठी १४ कोटींचा करार केलाही होता. हार्परसारख्या बॅटरच्या बदल्यात एक पिचर, हा सौदा तेव्हा फारच थोड्यांना पटला.

बेसबॉल न पाहिलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन जण बाद झाले की पाळी संपते. बॅटरला चार बेस पार करून परत मूळ जागी यायचं असतं, तेव्हा एक धाव. चेंडू सीमेबाहेर उडवला तर तो होमरन. त्या वेळी बेसवर उभे असलेले सगळेच घरी येतात, त्यामुळे तिन्ही बेस भरलेले असतील तर एका फटक्यात चार धावा. याला ग्रँड स्लॅम म्हणतात. खेळ अवघड किती, तर दहापैकी तीनदा हिट मिळवणारा, म्हणजे फटका मारून बेस गाठणारा, बॅटर उत्तम समजला जातो. हंगाम सहा महिन्यांचा आणि १६२ सामन्यांचा, म्हणजे जवळजवळ रोज सामना. चॅम्पियन संघसुद्धा वर्षात साठेक सामने हरतो. त्यामुळे एखाद्या आठवड्याच्या खेळावरून संघाबद्दल निकाल द्यायला जाणकार कचरतात.

पण पन्नास सामने ही काही थोडी कसोटी नव्हे. २३ मे २०१९ रोजी न्यूयॉर्क मेट्सकडून सलग चौथा सामना हरल्यावर नॅशनल्सच्या नावावर १९ विजय आणि ३१ पराभव होते. दुखापतींनी संघ पोखरला होता. सुरुवातीचा पिचर थकल्यावर सामना सांभाळायला येणाऱ्या राखीव पिचरांची फळी तर लीगमधल्या सर्वांत वाईट फळ्यांपैकी एक होती. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ कधी जाणार, एवढाच प्रश्न उरल्यासारखं वातावरण होतं. अशा वेळी मॅनेजरला काढायचं, महागडे खेळाडू विकून टाकायचे आणि पुढच्या वर्षाची तयारी सुरू करायची, ही रूढ रीत. सरव्यवस्थापक माइक रिझो यांनी यातलं काहीच केलं नाही, आणि या हंगामातला सगळ्यांत मोठा निर्णय तोच ठरला. मार्टिनेझ खेळाडूंना रोज एकच सांगत राहिले: आजचा दिवस १-० करा, म्हणजे आजचा सामना जिंका, बाकीचं सोडा.

हा संघ होता तरी कसा? त्या वर्षी मोठ्या लीगमधला तो वयाने सर्वांत मोठा संघ होता. हे महत्त्वाचं आहे, कारण तोपर्यंत बेसबॉलची कार्यालयं आकडेतज्ज्ञांनी भरून गेली होती आणि तिशी ओलांडलेल्या खेळाडूवर पैसे लावणं शहाणपणाचं नाही, हा नियमच होऊन बसला होता. चांगले चांगले अनुभवी खेळाडू कराराची वाट बघत घरी बसत होते. नॅशनल्सने नेमके तेच गोळा केले. ३५ वर्षांचा हॉवी केंड्रिक, ज्याच्या टाचेचा स्नायुबंध आदल्या वर्षी तुटला होता. त्याच्याच वयाचा कॅचर कर्ट सुझुकी. व्हेनेझुएलाचा अनिबाल सांचेझ, ज्याला आदल्या वर्षी मिनेसोटाने सोडून दिलं होतं. कोपरावर दोन मोठ्या शस्त्रक्रिया झालेला डॅनियल हडसन, ज्याला मार्च महिन्यातच एका संघाने मोकळं केलं होतं. आणि रायन झिमरमन, जो २००५ पासून इथेच होता आणि वाईटातले वाईट हंगाम ज्याने पाहिले होते. मॅक्स शेरझर हा संघाचा मुख्य पिचर स्वतः पस्तिशीला टेकला होता. त्यानेच संघाला गमतीने स्पॅनिशमध्ये ‘म्हातारे’ असं नाव दिलं. या म्हाताऱ्यांमध्ये एक वीस वर्षांचा मुलगा होता, सांतो दोमिंगोचा हुआन सोतो. त्याची नजर इतकी पक्की की वाईट चेंडूकडे तो ढुंकूनही पाहायचा नाही.

मे महिन्यात आणखी एक टाकलेला खेळाडू आला, खेरार्दो पारा. जूनमध्ये त्याच्या बॅटला हिट लागेना, तेव्हा बॅटिंगला येताना वाजणारं गाणं त्याने बदललं आणि आपल्या दोन वर्षांच्या मुलीचं आवडतं ‘बेबी शार्क’ लावलं. लहान मूल असलेल्या मराठी घरांनाही हे गाणं सांगायला नको. ऑक्टोबर येईपर्यंत चाळीस हजार प्रौढ माणसं दोन्ही हातांनी शार्कचा जबडा करून टाळ्या वाजवत होती. हा पोरखेळ नव्हता. ताणाखाली आखडलेल्या संघाला त्याने मोकळं केलं, असं त्या संघातल्या अनेकांचं म्हणणं आहे.

जूनमध्येच सरावात बंट करताना, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच अडवताना, तो उसळून शेरझरच्या नाकावर बसला. नाक मोडलं, डोळा काळानिळा झाला. दुसऱ्या रात्री तो हार्परच्या फिलीजविरुद्ध उतरला, सात इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. ३ सप्टेंबरला मेट्सविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये संघ १०-४ असा मागे होता. लोक घरी निघाले होते. नॅशनल्सने सात धावा काढल्या आणि सुझुकीच्या होमरनने सामना ११-१० असा जिंकला. त्याच महिन्यात मार्टिनेझ यांना सामना चालू असताना छातीत दुखू लागलं, हृदयाच्या तपासणीसाठी रुग्णालयात न्यावं लागलं. काही दिवसांत ते परतले. २३ मेनंतरच्या ११२ सामन्यांपैकी संघाने ७४ जिंकले. एकूण ९३ विजय, ६९ पराभव. बाद फेरीतली जागा फिलीजला हरवतच पक्की झाली.

जागा मिळाली, पण मागच्या दाराची. तेव्हा गटविजेते नसलेल्या दोन संघांत एकच सामना होत असे. जिंकला तो पुढे, हरला तो घरी. १ ऑक्टोबरला मिल्वॉकी ब्रुअर्स आठव्या इनिंगपर्यंत ३-१ असे पुढे होते आणि चेंडू होता जॉश हेडर या जबर वेगवान डावखुऱ्याच्या हातात. झिमरमनची बॅट मोडली तरी चेंडू मोकळ्या जागी पडला. दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, समोर सोतो. त्याने चेंडू उजवीकडे मारला, तिथल्या क्षेत्ररक्षकाच्या हातून तो सुटला आणि तिघेही घरी आले. ४-३.

पुढे १०६ सामने जिंकलेले लॉस एंजेलिस डॉजर्स. पाच सामन्यांच्या मालिकेत २-२ अशी बरोबरी. पाचव्या सामन्यात पुन्हा आठव्या इनिंगपर्यंत ३-१ अशी पिछाडी आणि समोर क्लेटन कर्शॉ, त्या पिढीतला बहुधा सर्वश्रेष्ठ पिचर. अँथनी रेंडॉनने होमरन मारला. पुढच्याच चेंडूवर सोतोने दुसरा. सामना दहाव्या इनिंगमध्ये गेला. तिन्ही बेस भरले होते आणि बॅटिंगला होता केंड्रिक. त्या मालिकेत त्याच्या हातून क्षेत्ररक्षणात चुका झाल्या होत्या, त्याच्यावर टीका होत होती, आणि डॉजर्स हा त्याचा जुना संघ. त्याने ग्रँड स्लॅम मारला. चारदा पहिल्याच मालिकेत अडलेला संघ अखेर तो उंबरठा ओलांडून गेला. पुढच्या मालिकेत कार्डिनल्सना तर त्यांनी ४-० असं धुऊन काढलं. पहिल्या सामन्यात सांचेझने आठव्या इनिंगपर्यंत एकही हिट दिली नाही. हडसन त्या दिवशी मुलीच्या जन्मासाठी बायकोजवळ होता. बाद फेरीत बायकोजवळ राहायचं म्हणून सामना सोडला, यावरून थोडी कुजबुज झाली; संघाने मात्र त्याची बाजू ठामपणे घेतली.

वर्ल्ड सिरीजमध्ये समोर ह्यूस्टन ॲस्ट्रोज, १०७ विजयांचा संघ. त्यांचा गेरिट कोल मेपासून एकही सामना हरला नव्हता. नॅशनल्सने ह्यूस्टनला जाऊन त्यालाच ५-४ असं हरवलं, मग जस्टिन व्हर्लँडरविरुद्धचा सामना १२-३ असा जिंकला. राजधानीला वाटलं, आता घरच्या मैदानावर दोनच विजय हवेत. घडलं उलटं. घरचे तिन्ही सामने गेले: ४-१, ८-१, ७-१. पाचव्या सामन्याच्या सकाळी शेरझरची मान अशी धरली की त्याला हातसुद्धा वर करता येईना. इंजेक्शन घेऊन तो बाहेर बसला.

सहाव्या सामन्यात स्टीफन स्ट्रासबर्गने आठहून जास्त इनिंग किल्ला लढवला. २०१२ मध्ये शस्त्रक्रियेनंतरचं कोपर जपण्यासाठी याच स्ट्रासबर्गला संघाने ऐन मोक्याच्या वेळी विश्रांती दिली होती आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाला होता. सात वर्षांनी त्याच हाताने संघ तारला. पंचांच्या एका निर्णयावर चिडलेले मार्टिनेझ मैदानात धावले आणि बाहेर काढले गेले; हृदयाची तपासणी होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. निकाल ७-२.

३० ऑक्टोबरला सातवा सामना. शेरझर तीन दिवसांत उभा राहिला. त्या रात्री त्याला सूर सापडला नाही, जवळजवळ प्रत्येक इनिंगमध्ये बेसवर माणसं होती, तरी पाच इनिंगमध्ये त्याने फक्त दोन धावा दिल्या. ॲस्ट्रोजचा झॅक ग्रेंकी मात्र अप्रतिम टाकत होता. सातव्या इनिंगमध्ये रेंडॉनने त्याला होमरन मारला, सोतोने चार वाईट चेंडू सोडून नियमाने मिळणारा बेस मिळवला आणि ॲस्ट्रोजने ग्रेंकीला काढलं. त्याने तोवर ८०च चेंडू टाकले होते. या बदलाचा वाद आजही मिटलेला नाही. नवा पिचर विल हॅरिसने बाहेरच्या बाजूला खाली चेंडू टाकला. चांगलाच चेंडू होता. केंड्रिकने तो उजवीकडे उचलला आणि तो सीमेवरच्या खांबाला लागला. खांबाला लागलेला चेंडू होमरन धरतात. ३-२. मधल्या तीन इनिंग कॉर्बिनने एकही धाव न देता टाकल्या, म्हणजे हार्परच्या बदल्यात केलेला तो सौदा त्या रात्री फळला. शेवटचा बळी हडसनने घेतला. अंतिम निकाल ६-२.

हरलं की घरी, असे पाच सामने नॅशनल्स त्या ऑक्टोबरमध्ये खेळले. पाचही सामन्यांत ते कधी ना कधी मागे पडले आणि पाचही जिंकले. वर्ल्ड सिरीजचे सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले. बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी या अमेरिकेच्या मोठ्या लीगमधल्या सात सामन्यांच्या मालिकांत असं आधी कधीच घडलं नव्हतं.

नशिबाचा वाटा यात होताच. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला नसता, खांब दोन हात पलीकडे असता, तर ही गोष्ट कोणी सांगितली नसती. पण आठव्या इनिंगमध्ये, पिछाडीवर असताना, हेडर किंवा कर्शॉसमोर घाईने बॅट न फिरवणं हा नशिबाचा भाग नाही. शेकडो सामने हरून-जिंकून ते अंगात मुरतं, आणि ज्या खेळाडूंना आकड्यांनी निकालात काढलं होतं त्यांच्याकडे नेमकं तेच होतं.

तो संघ मात्र टिकला नाही. रेंडॉन त्याच हिवाळ्यात एंजल्सकडे गेला. सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या स्ट्रासबर्गला सात वर्षांचा साडेचोवीस कोटींचा करार मिळाला, पण दुखण्यांमुळे त्यानंतर तो फक्त आठ सामन्यांत टाकू शकला. केंड्रिक २०२०च्या अखेरीस निवृत्त झाला. शेरझर २०२१ मध्ये आणि सोतो २०२२ मध्ये दुसऱ्या संघांकडे दिले गेले. २०२५च्या जुलैमध्ये मार्टिनेझ आणि रिझो या दोघांनाही काढलं गेलं. २०१९नंतर त्यांच्या संघाला विजयांचं पारडं जड असलेला एकही हंगाम मिळाला नव्हता. झिमरमन २०२१चा हंगाम खेळून थांबला आणि पुढच्या जूनमध्ये त्याची ११ नंबरची जर्सी निवृत्त करण्यात आली. नॅशनल्सने कोणा खेळाडूला दिलेला हा पहिलाच असा मान होता.