ओट्याचा दगड निवडताना
स्वयंपाकघराचा ओटा एकदाच बसतो, म्हणून दगडाच्या रंगाआधी त्याचा गुण पाहावा. संगमरवर आणि कडप्पा दोन्ही चुनखडीच्या कुळातले. लिंबू, चिंच, कोकम सांडले की आम्ल दगडाला खाते आणि चमक गेलेला डाग उरतो. ग्रॅनाइटला या आंबटाची फारशी भीती नाही, तापलेली कढईही तो बऱ्यापैकी सोसतो. फिकट रंगाचा असेल, तर हळद-तेल मुरू नये म्हणून सीलर लावून घ्यावा. कृत्रिम क्वार्ट्‌झमध्ये रेझिन असते, त्यामुळे त्यावर गरम तवा थेट ठेवू नये. दुकानातून तुकडा मागून आणा आणि त्यावर लिंबाचे चार थेंब रात्रभर ठेवा. सकाळी पुसल्यावर चमक गेलेली दिसली, तर तो दगड जिन्याला चालेल, ओट्याला नको.