शेलचा आकडा : १९७९ ते २०२४

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे या भागातल्या अनेक ग्रामसभा बांबू-तेंदूचा हिशेब स्वतः पाहू लागल्या. असा हिशेब संगणकावर असला की रात्री आपोआप चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट हवीच. पण ती फसली तर कळणार कसं? जाणकार माणूस दूर गडचिरोलीला. तुटक रेंजमध्ये इंग्रजी संदेश फोनवर वाचून दाखवायचा म्हटलं तर अर्धे शब्द निसटतात. आकडा मात्र कुणीही नीट सांगू शकतो. म्हणून शेल, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक आज्ञेनंतर जो आकडा देतो, त्याची वाटचाल मला महत्त्वाची वाटते.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. काम झालं तर ०, फसलं तर दुसरा कोणताही आकडा. आणि तो डॉलर-प्रश्नचिन्ह लिहून विचारता येई. पण त्या जुन्या शेलांत प्रोग्रॅम सापडलाच नाही तरी १, आणि प्रोग्रॅम चालून त्याचं काम फसलं तरी बहुधा १. या दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे. हा घोळ शेवटी युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या १९९२ च्या पॉझिक्स मानकाने मिटवला : सापडला नाही तर १२७, सापडला पण चालवता आला नाही तर १२६. बाहेरून सिग्नलने मारला, तर १२८ पेक्षा मोठा आकडा. बॅश या शेलमध्ये १३७ दिसला की समजायचं, नऊ नंबरच्या सिग्नलने मारलं. मेमरी संपल्यावर लिनक्स हेच करतं.

विंडोजवर लिहून पेन ड्राइव्हवरून आणलेली स्क्रिप्ट मात्र अजूनही चकवते. फाइल समोर दिसते, तरी शेल म्हणतो, सापडत नाही. खरं तर सापडत नाही तो पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, कारण त्याच्या नावाला न दिसणारं ओळसमाप्तीचं चिन्ह चिकटलेलं असतं. इथे शेलागणिक आकडा १२६ किंवा १२७ येतो. तेव्हा आधी ओळीचा शेवट तपासावा.

एका प्रोग्रॅमचं उत्तर थेट पुढच्या प्रोग्रॅमला देणाऱ्या पाइपने मात्र बराच काळ छळलं. हिशेब काढणारा प्रोग्रॅम फसला, पण पुढच्या गुंडाळणाऱ्या प्रोग्रॅमने रिकामी फाइल नीट गुंडाळली, की उत्तर ०. शेवटच्याचाच आकडा मोजायचा, असा नियम. बॅकअपची फाइल तयार, आत काहीच नाही. यापेक्षा घातक यश नाही. कॉर्न शेलमध्ये आणि २००४ च्या बॅश ३.० मध्ये साखळीतला कोणताही प्रोग्रॅम फसला तरी ते आकड्यात दाखवणारा ‘पाइपफेल’ हा पर्याय आला, पण तो स्वतः चालू करावा लागतो. पॉझिक्स मानकात त्याला जागा मिळाली ती थेट २०२४ मध्ये. बॅकअपच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये तो सुरुवातीलाच चालू करावा, असं माझं ठाम मत आहे.