भानामती म्हणजे काय, आणि काय नव्हे

बीडकडच्या एखाद्या गावात ‘तिला भानामती झालीय’ असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं एक ठरावीक चित्र येतं. बाई एकाएकी कुत्र्यासारखी भुंकते, मांजरासारखा आवाज काढते, घुमायला लागते, जमिनीवर गडाबडा लोळते. सातारा-सांगलीकडं हाच शब्द काढला, तर घरावर पडणारे दगड, दांडीवर पेटणारे कपडे आणि अंगावर उठणाऱ्या बिब्ब्याच्या फुल्या डोळ्यांपुढं येतात. म्हणजे भानामती ही एकच गोष्ट आहे, हाच पहिला गैरसमज. हिंदीत भानमती म्हणजे जादूचे खेळ करणारी बाई. तेलंगणातल्या मेदकपासून कर्नाटकातल्या कलबुर्गीपर्यंत ‘बाणामती’ म्हणतात आणि ती करणीच समजतात. बीड, मेदक, कलबुर्गी हे तिन्ही जिल्हे 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या मुलखाचं दळणवळण एक होतं आणि भीतीही एकच होती.

दुसरा गैरसमज शिकलेल्या माणसांचा आहे आणि मला तो जास्त घातक वाटतो. ‘ती ढोंग करतेय, दोन थोबाडीत दिल्या की गप्प बसेल.’ भुंकणारी बाई बहुतेक वेळा ढोंग करत नसते. मनावरचा ताण असह्य झाला आणि तो बोलून दाखवायला जागाच नसली, की तो शरीरातून बाहेर पडतो. वाचा बसते, हात-पाय आखडतात, झटके येतात, अनोळखी आवाज निघतात. मानसोपचारात या अवस्थेला रूपांतरण विकार म्हणतात. तो जाणूनबुजून होत नाही, म्हणून रागावून किंवा मारून थांबतही नाही. मात्र लक्षणांचं रूप आजूबाजूच्या समजुतीतून येतं. जिथं भानामती झालेली बाई भुंकते असं लहानपणापासून ऐकलेलं असतं, तिथं भुंकणंच बाहेर पडतं.

अशा बाईच्या वाट्याला काय असतं ते पाहा. नवऱ्याचं व्यसन, मुलगा होत नाही म्हणून टोमणे, ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल. बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. तिथं नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजली जाते. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईला ‘मला झेपत नाही’ म्हणायची सोय नसते. घुमणारीपुढं मात्र सासूही हात जोडते. एकीला झालं की तिला पाहणाऱ्या दुसरीला, तिसरीलाही होतं. शाळेत, वस्तीवर हे असंच पसरतं. अशा बायका-मुलींना एकमेकींपासून वेगळं ठेवलं, भोवतीची गर्दी हटवली आणि धीर दिला, की लाट ओसरते. गावभर आरती-उतारे सुरू झाले, तर ती वाढते.

दगड, आग आणि फुल्यांचं तसं नाही. तिथं माणसाचा हात असतो. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की लगेच काही दिसत नाही. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी काळा डाग आणि फोड उठतो. तोवर लावणारा दूर गेलेला असतो, म्हणून फुली ‘आपोआप’ उमटल्यासारखी वाटते. आगीचंही तसंच. पिवळा फॉस्फरस पाण्याबाहेर काढून सुकला, की साधारण 30 अंश तापमानालाच पेट घेतो. मराठवाड्याच्या उन्हात त्याला काडी लागत नाही. घरात असे प्रकार घडू लागले, तर देवऋषी शोधण्याआधी घरातलं कोण दुखावलंय, कुणाचं ऐकलं जात नाही, हे शोधावं. करणारा हात पुष्कळदा घरातलाच निघतो.

सगळ्यात जीवघेणा गैरसमज म्हणजे ‘हे कुणीतरी केलंय’. मग नाव निघतं, आणि ते सहसा एकट्या राहणाऱ्या विधवेचं किंवा जमिनीच्या वादातल्या भावकीचं असतं. एखादी व्यक्ती करणी किंवा भानामती करते असं म्हणून तिचं जगणं मुश्कील करणं, हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हाही गुन्हाच. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. या कायद्यानं पूजा, वारी, कीर्तन यांवर बंदी आली, हा अपप्रचार आहे. या गोष्टींना त्यात स्पष्ट सूट दिली आहे.

घरात कुणी घुमत असेल, तर तिला मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत आणि फुकट बोलता येतं. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून त्रास देणं चालू असेल, तर 112 लावा. गुन्हा दखलपात्र असल्यानं शेजाऱ्यानं दिलेली खबरही पोलिसांना पुरते.