वर शेगडी, खाली ओव्हन की दोन्ही वेगळे?



नानकटाई, नाचणीची बिस्किटं, चकली, शंकरपाळी करणाऱ्या गटांना यंत्रखरेदीच्या वेळी एक प्रश्न हमखास पडतो. दुकानात चकचकीत स्टीलची रेंज मांडलेली असते. वर चार बर्नर, खाली ओव्हन. दुकानदार म्हणतो, "ताई, एकाच वस्तूत दोन कामं, जागाही वाचेल." दुसरीकडे साधी भट्टीशेगडी वेगळी आणि ओव्हन वेगळा, अशी जोडी असते. दिसायला ती काही भारी नसते. मग घ्यायचं काय?

माझं मत आधीच सांगून टाकते. तळण आणि भाजणं ही दोन्ही कामं करणाऱ्या गटाने दोन्ही वस्तू वेगळ्याच घ्याव्यात.

डोळ्यासमोर कामाचा दिवस आणा. वरच्या बर्नरवर तेलाची मोठी कढई आहे आणि एक ताई झारा घेऊन चकली तळते आहे. तेवढ्यात खालच्या ओव्हनमधली नानकटाई झाली. दुसरी ताई येते, पहिलीला "जरा सरक" म्हणते, तिच्या पायाशी वाकते आणि दार उघडते. दार पुढे खाली पडतं, गरम वाफ तोंडावर येते आणि हातात तापलेला ट्रे असतो. डोक्याच्या वर, हातभर अंतरावर, उकळतं तेल. कुणाचा धक्का लागून कढई कलंडली तर ते तेल कुठे पडेल? घरी आपण एकट्याने करतो तेव्हा एका वेळी एकच काम असतं. गटात चार-पाच जणी एका खोलीत असतात, त्यामुळे ही भीती मी बारीक समजत नाही.

शिवाय वाकणं आलंच. दिवसाला २० ट्रे भाजायचे तर २० वेळा आत ठेवायला आणि २० वेळा बाहेर काढायला, म्हणजे ४० वेळा खाली वाकायचं. आपल्यातल्या किती जणींचे गुडघे आणि कंबर आधीच बोलतात, ते तुम्हाला माहीत आहे. वेगळा ओव्हन लोखंडी अँगलच्या स्टँडवर बसवता येतो. ट्रे ठेवायची जागा कंबर ते छाती एवढ्या उंचीवर येईल असं स्टँड बनवून घ्या. खांद्याच्या वर मात्र नको, कारण गरम ट्रे डोक्याजवळून उतरवणंही तितकंच धोक्याचं. डुगडुगणाऱ्या लाकडी टेबलावर तर ओव्हन ठेवूच नका. स्टँड शेगडीपासून लांब, शक्यतो समोरच्या भिंतीला ठेवा. तळणारीची आणि भाजणारीची वाट एकमेकींना आडवी जायला नको.

दुरुस्तीचंही बघा. रेंजच्या ओव्हनमध्ये बिघाड झाला की मेकॅनिक अख्खं धूड पुढे ओढायला सांगतो, मग तळणही बंद. ऐन दिवाळीत हे परवडत नाही.

रेंज कुठे चालेल? ज्या गटाचं मुख्य काम खानावळीचं किंवा पोळी-भाजीचं आहे आणि ओव्हन आठवड्यातून एखाद्या वेळी लागतो, तिथे चालेल. फक्त भाजताना वर तेल चढवायचं नाही, हा नियम करा. पण रोज भाजायचंच नसेल तर ओव्हनचे पैसे द्यायचे कशाला, हेही विचारा. खालच्या ओव्हनमध्ये ताटं रचून ठेवलेल्या रेंज मी पाहिल्या आहेत!

आता वेगळा ओव्हन घ्यायचं ठरलं तर केवढा? दिवाळीची ऑर्डर डोक्यात ठेवून मोठा घेतला जातो आणि हप्ता मात्र बारा महिने भरावा लागतो. साधा हिशेब करा. एका ट्रेमध्ये ३० नानकटाई धरू. भाजायला १५ ते २० मिनिटं, काढ-घाल धरून २५ मिनिटं. चार तासांत ९ खेपा होतात. दोन ट्रेचा ओव्हन असेल तर १८ ट्रे, म्हणजे ५४० नग. २० ग्रॅमचा एक धरला तर जवळजवळ ११ किलो माल झाला. तुमचा श्रावणातला नाही तर फेब्रुवारीतला साधा आठवडा काढा, तेव्हा रोज ११ किलो खपतो का? अर्धा रिकामा ओव्हनही तापवायला जवळपास तेवढंच इंधन खातो. खप खरंच वाढला तर दुसरा छोटा ओव्हन घ्या. दोन छोट्यांचा आणखी एक फायदा आहे. नानकटाईला १६० ते १७० अंश लागतात आणि पावाला २०० च्या वर. एका पोटात दोन तापमानं राहत नाहीत, दोन ओव्हनमध्ये राहतात.

वीज की गॅस, हे गावावर आहे. ३ किलोवॅटचा विजेचा ओव्हन साधारण १३ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायर हवी, टीव्हीच्या प्लगला तो लावायचा नाही. असे दोन असतील तर आधी मीटरचा मंजूर भार तपासा. भारनियमन असेल तर अर्धी भाजलेली खेप वाया जाते, तिथे गॅसच बरा. धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरा, घरगुती १४.२ किलोचा वापरणं बेकायदा आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून नुसती वर खिडकी पुरत नाही, जमिनीलगतही हवा जायला झरोका ठेवा.

अनुदानाच्या भरवशावर मोठं यंत्र घेऊ नका. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदानाची सोय केली होती, पण ती बँकेच्या कर्जाशी जोडलेली. सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारा आणि कर्ज मंजूर होण्याआधी रोखीने खरेदी करून बसू नका.

दुकानात जाताना गटातल्या दोघी जणी जा, एक उंच आणि एक बुटकी. स्वतःचा ट्रे बरोबर न्या आणि तो आत बसतो का, दोघींनाही न ताणता काढता येतो का, ते तिथेच करून बघा. दुरुस्तीला माणूस कुठून येणार आणि किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या.