वाचवलेल्या ऊर्जेचा बाजारभाव

मोठ्या कारखान्यांनी ऊर्जा जपून वापरावी म्हणून सरकारे सहसा अनुदान देतात, करात किंवा कर्जाच्या व्याजात सवलत देतात, नाहीतर दंडाचा धाक घालतात. भारताने 2012 साली यापेक्षा वेगळी वाट धरली आणि वाचवलेल्या ऊर्जेलाच विकता येईल असा माल ठरवले. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याच्या आधारे केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने राबवलेली ही योजना ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’, थोडक्यात ‘पॅट’, या नावाने उद्योगजगतात ओळखली जाते.

योजनेचे मोजमाप ‘टन तेल समतुल्य’ या एककात चालते. कोळसा, वायू, डिझेल, वीज असे कोणतेही इंधन असले तरी त्याची ऊर्जा एक टन खनिज तेलाच्या हिशेबात आणली जाते, आणि असा एक टन म्हणजे 1 कोटी किलोकॅलरी किंवा सुमारे 11,630 युनिट वीज. वर्षाला 30,000 टनांहून अधिक ऊर्जा वापरणारे सिमेंट, पोलाद, खत आणि कागदाचे कारखाने व औष्णिक वीज केंद्रे, 7,500 टनांची मर्यादा ओलांडणारे अॅल्युमिनियम कारखाने आणि 3,000 टनांवरील कापड गिरण्या कायद्याने ‘डेझिग्नेटेड कन्झ्युमर’ ठरल्या. पहिल्या फेरीत, म्हणजे 2012-13 ते 2014-15 या काळात, आठ क्षेत्रांतले असे 478 ग्राहक होते. प्रत्येकाला उत्पादनाच्या एककामागे किती ऊर्जा लागते, म्हणजेच त्याचा ‘विशिष्ट ऊर्जावापर’ किती, हे पाहून घट ठरवून देण्यात आली. जो आधीच काटकसरी त्याला कमी आणि जो उधळा त्याला जास्त. उद्दिष्टाच्या पलीकडे वाचलेल्या प्रत्येक टनाला एक ऊर्जा बचत प्रमाणपत्र मिळे, आणि जो उद्दिष्टात कमी पडे त्याला ते विकत घ्यावे लागे.

ही बचत कुठे सापडते हे सिमेंटच्या भट्टीपाशी चांगले दिसते. चुनखडी सुमारे 1,450 अंश सेल्सिअसला भाजून क्लिंकर तयार होतो आणि भट्टीतून निघणारे वायू खेचण्यासाठी प्रचंड पंखे अहोरात्र फिरत राहतात. जुन्या पद्धतीत पंखा पूर्ण वेगाने चालवून हवेचा प्रवाह डँपरच्या झडपेने अडवला जाई. त्याऐवजी मोटरचा वेगच बदलणारे उपकरण बसवले, तर वेग 80 टक्क्यांवर आणताच, शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे, विजेची गरज जवळपास निम्म्यावर येते. भट्टीआधी कच्चा माल तापवणाऱ्या प्रीहीटरमधून तीनशे-साडेतीनशे अंशांना बाहेर पडणाऱ्या वायूंच्या उष्णतेवर वाफ करून वीजनिर्मिती करणे हा पुढचा टप्पा. तो मात्र भांडवलखाऊ असल्याने सगळ्यांनाच झेपत नाही.

पहिल्या फेरीचे उद्दिष्ट 66.86 लाख टन तेल समतुल्य होते, प्रत्यक्षात बचत 86.7 लाख टनांची झाली. आकडा सुखावणारा असला तरी बाजाराच्या दृष्टीने गोची इथेच झाली. सुमारे 38 लाख प्रमाणपत्रे दिली गेली, पण कमी पडलेल्या 110 ग्राहकांना हवी होती फक्त सव्वाचौदा लाख. सप्टेंबर 2017 मध्ये वीज बाजारमंचांवर व्यवहार सुरू झाले तेव्हा भाव 1,200 रुपये होता, पुढे तो 200 रुपयांपर्यंत घसरला. ज्या एक टन ऊर्जेचे ते प्रमाणपत्र, तिची सरकारनेच 2014-15 साठी ठरवलेली किंमत 10,968 रुपये होती. सुमारे 13 लाख प्रमाणपत्रांच्या विक्रीतून हातबदल झाला तो जेमतेम 100 कोटींचा, आणि वाचलेल्या ऊर्जेचे मोल मात्र सरकारी दराने साडेनऊ हजार कोटींच्या घरात जाते.

म्हणून कारखानदारांनी यंत्रे बदलली ती प्रमाणपत्रांच्या आशेने, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. इंधनाचे बिलच त्याहून मोठे आमिष होते. योजनेचे खरे यश रुक्ष कागदपत्रांत आहे, कारण तिच्यामुळे प्रत्येक कारखान्याला प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक नेमून इंधनाचा हिशेब बाहेरच्या ऊर्जा लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावा लागला. दंडाची बाजू त्या मानाने लंगडी होती. 10 लाखांपर्यंतचा दंड आणि शिवाय जादा जळलेल्या टनांच्या किमतीशी बांधलेली रक्कम कायद्यात आहे खरी, परंतु ती ठरवण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असल्याने ब्युरोच्या हाती बडगा नव्हता.

कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर जून 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर झाली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली व कागद या क्षेत्रांना ऊर्जेऐवजी उत्सर्जनाची उद्दिष्टे लागू झाली. सिमेंट, कागद आणि औष्णिक वीज या तिन्हींची गर्दी असलेल्या चंद्रपूर जिल्ह्याला हा बदल जवळून जाणवणारा आहे. सिमेंटच्या कार्बन डायऑक्साइडचा निम्म्याहून अधिक वाटा इंधनातून नव्हे, तर चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतो, त्यामुळे पंखे आणि मोटरी कितीही सुधारल्या तरी तो हटत नाही. त्यावर सध्याचा हुकमी उपाय म्हणजे क्लिंकरचे प्रमाण घटवणे, आणि भारतीय मानकानुसार पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये 35 टक्क्यांपर्यंत चालणारी उडती राख मिळते ती कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांतून.