समईच्या उजेडाचं गणित

सकाळी ९

ठाकूर व्हिलेजमधून शेअर रिक्षानं कांदिवली स्टेशन, पूल चढून पश्चिमेला उतरायचं आणि पुन्हा रिक्षानं चारकोपची इंडस्ट्रियल इस्टेट. शेजारच्या गाळ्यांत छपाई, पॅकिंग, सुटे भाग. आमच्या गाळ्यात खिडक्यांवर जाड पडदे आणि राखाडी भिंती, कारण रंगीत भिंतीजवळ बसून पडद्यावरचा रंग पारखता येत नाही. मी कंपोझिटर आहे. वेगवेगळी चित्रित झालेली किंवा संगणकावर तयार झालेली दृश्यं एकत्र बसवून त्यांचा एक शॉट करणं, हे माझं काम.

साडेनऊ

सध्या हातात एका ऐतिहासिक मराठी चित्रपटाचा शॉट आहे. रात्रीची वेळ, वाड्याचा सोपा, चार समया, मधे पत्र वाचणारी बाई. जुन्या लाकडी वाड्यात आग नको म्हणून समया रिकाम्याच ठेवून चित्रीकरण झालं आणि वरून एकसारखा पिवळा प्रकाश सोडला. ज्योत नंतर काळ्या पडद्यासमोर वेगळी चित्रित केली. ती चारही समयांवर बसवायची आणि तिचा उजेड भिंतीवर, खांबांवर, बाईच्या गालावर हलताना दिसला पाहिजे. ज्योत हलतेय आणि भिंत ढिम्म आहे, हे प्रेक्षकाला शब्दांत सांगता येणार नाही, पण दृश्य खोटं आहे हे त्याला लगेच कळतं.

आम्ही न्यूक वापरतो. १९९३ साली डिजिटल डोमेन या अमेरिकन स्टुडिओनं घरच्या कामासाठी ते लिहायला घेतलं. २००७ पासून ते लंडनच्या फाउंड्री कंपनीकडे आहे. त्यात प्रत्येक क्रियेचा एक नोड असतो. चित्र आणणारा रीड, उजेड कमीजास्त करणारा ग्रेड, जागा बदलणारा ट्रान्सफॉर्म, चित्रावर चित्र ठेवणारा मर्ज. रेषांनी ते जोडले की चित्र वरून खाली उतरत जातं. प्रत्येक नोडच्या पोटात आकड्यांचे नॉब. नॉबमध्ये तुम्ही आकडा भरू शकता, फ्रेमनुसार की लावू शकता (म्हणजे ठरावीक फ्रेमला ठरावीक आकडा), नाहीतर सूत्र लिहू शकता: त्या तिकडच्या नोडचा आकडा घे, त्याचं असं असं कर आणि इथे वापर. या सूत्राला एक्सप्रेशन म्हणतात. साधी जोडणी तर लिहावीही लागत नाही. कंट्रोल दाबून एका नॉबवरून दुसऱ्यावर ओढलं की झालं. दोन नोडमध्ये हिरवी बाणाची रेघ उमटते आणि ज्याचा आकडा आता बाहेरून येतो त्या नोडवर ‘ई’ अक्षराचा छोटा ठिपका बसतो.

अकरा

रोटोत, म्हणजे फ्रेमगणिक आकृतीच्या कडा कापून ती वेगळी करण्याच्या कामात, असलेला एक मुलगा माझ्या बाजूला येऊन बसतो. चारकोपचाच, हुशार. त्याचा पहिला प्रश्न असा, “ताई, भिंतीला हातानंच की लावल्या तर? पाच सेकंदांचाच तर शॉट आहे.”

पाच सेकंद म्हणजे १२० फ्रेम. लावता येतील. पण समया चार, उजेड पडणाऱ्या जागा त्याहून जास्त, आणि दिग्दर्शकानं ज्योत जरा मंद करा म्हटलं की सगळं पुन्हा. शिवाय हातानं लावलेली लय ज्योतीच्या लयीशी कुठेतरी चुकतेच.

म्हणून ज्योतीलाच विचारायचं. कर्व्हटूल नावाचा नोड चित्राच्या आखून दिलेल्या चौकटीतलं सरासरी तेज प्रत्येक फ्रेमला मोजून ठेवतो. लाल चॅनल ज्योतीच्या गाभ्यात भरून जातो, तिथे चढउतार दिसत नाही. मी हिरवा घेते. समजा पूर्ण शॉटची सरासरी ०.४ आली आणि एखाद्या फ्रेमला तेज ०.५ आहे. ०.५ भागिले ०.४ म्हणजे १.२५, सरासरीच्या १ पेक्षा ०.२५ जास्त. भिंत इतकी उजळली तर दिवाळीतला भुईनळा वाटेल, म्हणून त्या जास्तीच्या ०.२५ ला ०.३ नं गुणायचं. आलं ०.०७५. त्यात १ मिळवला की भिंतीच्या ग्रेडला त्या फ्रेमपुरता गुणक मिळाला, १.०७५. तेज ०.३ झालं तर तेच सूत्र ०.९२५ देतं. आठवीच्या बीजगणितापलीकडे यात काही नाही, आणि भिंत ज्योतीबरोबर जिवंत होते.

तो ०.३ मी सूत्रात लिहीत नाही. नोऑप नावाचा एक नोड असतो, जो चित्राला हातही लावत नाही. त्यावर मी स्वतःचे नॉब बनवते: ‘भिंतीचा प्रतिसाद’, ‘ज्योतीचं तेज’, ‘समई १ तेज’, ‘समई २ उशीर’. सगळी सूत्रं या एका नोडकडे बघतात.

उशीर कशाला? ज्योत एकच चित्रित झालीय. ती चारही समयांवर एकाच क्षणी लवली तर डोळ्याला नक्कल कळते. म्हणून दुसरी समई ३७ फ्रेम मागे, तिसरी आणखी मागे. आणि दुसरीच्या मागच्या भिंतीच्या सूत्रात ‘फ्रेम’ऐवजी ‘फ्रेम उणे उशीर’. ज्योत आणि तिचा उजेड एकाच नॉबवरून मागे सरकतात, ताटातूट होऊच शकत नाही.

दीड

डबा. गच्चीवर गप्पा निघतात त्या दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांच्या. ‘श्रीकृष्ण जन्म’ १९१८ चा, ‘कालिया मर्दन’ १९१९ चा. तेव्हाच्या चमत्कारदृश्यांसाठी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं म्हणजे फिल्म मागे गुंडाळून नेमक्या त्याच फ्रेमला आणायची. दोन चित्रणांना बांधणारा आकडा तेव्हा माणसाच्या डोक्यात आणि हातात असे. आमचं काम त्याच घराण्यातलं आहे असं मी मानते.

तीन

सुपरवायझरांची सूचना: पत्र वाचताना बाईच्या डावीकडची समई विझू दे.

मुलगा लगेच सूत्र सुचवतो, अमुक फ्रेमनंतर शून्य. मी नाही म्हणते. समई कधी आणि कशी विझते हा अभिनयाचा भाग आहे. बाई कागदावरून नजर वर उचलते, त्याच्या किंचित नंतर. ज्योत आधी ताणते, निळसर होते, मग जाते. हे डोळ्यानं बघून हातानंच लावायचं. मी ‘समई १ तेज’ या नॉबवर की लावते. भिंत, खांब, गाल आधीच त्या नॉबला बांधलेले. ते आपोआप काळवंडतात.

माझं ठाम मत आहे की दृश्यात जिथे कार्यकारण आहे तिथेच एक्सप्रेशन लिहावं. ज्योतीमुळे भिंत उजळते, म्हणून भिंतीला सूत्र. विझण्यामागे कथा आहे, तिथे की. सगळंच सूत्रात बांधलं की शॉट हट्टी होतो. एक जागा हलवायला गेलं की दहा हलतात.

सहा

शॉट रेंडरला. मोशन ब्लरचे, म्हणजे हालचालीच्या धूसरपणाचे, सॅम्पल ‘गुई’ या चलाला बांधलेत. मी न्यूकच्या खिडकीत काम करते तेव्हा ते कमी राहतात आणि मशीन पळतं. रेंडर फार्मवर, म्हणजे फक्त अंतिम चित्रं काढणाऱ्या मशीनवर, ती खिडकी नसते, तिथे आपोआप पूर्ण लागतात. जाताना आठवणीनं आकडा वाढवायची गरज उरत नाही.

साडेसात

रात्रपाळीला फाइल द्यायची. प्रत्येक सूत्राशेजारी चिठ्ठीचा नोड: हे काय मोजतं, का मोजतं. नोडची नावं ‘ग्रेड १७’ अशी न ठेवता ‘समई २ भिंत’ अशी. ग्रेड उचलून दुसऱ्या फाइलमध्ये नेला आणि कर्व्हटूल मागे राहिला तर सूत्राला आकडा मिळत नाही आणि नोडवर एरर येतो, तेही चिठ्ठीत लिहिते. मुलगा हे सगळं वहीत उतरवून घेतो.

कांदिवली, मालाड, गोरेगावच्या गाळ्यांत आज शेकडो मुलंमुली दिवसभर रोटो करतात, केसांच्या कडा कापतात. कंपोझिटिंगला जायची त्यांची इच्छा असते आणि गणिताची भीती आडवी येते. त्यांना मी सांगेन: न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट आहे, १०८० रेषांपर्यंतचं चित्र देते; नॅट्रॉन तर मुक्त सॉफ्टवेअर आहे. घरच्या देवघरातला दिवा मोबाइलवर चित्रित करा, त्याचं तेज मोजा आणि दुसऱ्या एका भिंतीला बांधून बघा. या रविवारीच करा.