हा दगड खालून वर वाचा!

मुलांनो, चित्रकथा तुम्ही कशी वाचता? वरच्या चौकटीपासून खाली, हो ना? पण आपल्या महाराष्ट्रात एक चित्रकथा अशी आहे, की ती खालून वर वाचावी लागते. ती कागदावर नाही, दगडावर आहे. तिच्यात बहुधा एकही अक्षर नसतं. आणि गंमत म्हणजे, ती कदाचित तुमच्याच गावच्या देवळामागे उभी असेल!

या दगडाचं नाव वीरगळ. कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ. लढताना कामी आलेल्या वीराची आठवण म्हणून तो उभारत. यातले बरेचसे शिलाहार आणि यादव राजांच्या काळातले, म्हणजे ७००-८०० वर्षांपूर्वीचे किंवा त्याहूनही जुने आहेत.

चला, एक वीरगळ वाचूया.

सगळ्यांत खालची चौकट : एक माणूस आडवा पडला आहे. हाच आपला वीर. बघा, त्याचं मरण आधीच सांगून टाकलं! शेजारी गाई कोरलेल्या असतील, तर समजायचं, की गावची गुरं कुणी पळवून नेत होतं आणि हा पठ्ठ्या त्यांना आडवा गेला. त्या काळी गुरं म्हणजे गावाचं धन. ती गेली, की घरोघरी उपासमार.

त्यावरची चौकट : लढाई. ढाली, तलवारी, कधी घोडेही.

तिसरी चौकट : अप्सरा वीराला स्वर्गात घेऊन चालल्या आहेत.

सर्वांत वर : वीर शिवलिंगाची पूजा करतो आहे. म्हणजे तो देवापाशी पोचला.

आता कळलं ना, खालून वर का? गोष्ट जमिनीवरून स्वर्गाकडे जाते, म्हणून! माथ्यावर चंद्र-सूर्यही असतात बरं का. ते शोभेचे नाहीत. चंद्र-सूर्य आहेत तोवर या वीराची कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ.

मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर इथले वीरगळ तर फारच वेगळे. त्यांच्यावर चक्क जहाजांची लढाई आहे! वल्ह्यांच्या रांगा, शिडाच्या डोलकाठ्या, सगळं स्पष्ट दिसतं. यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेलं युद्ध ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या युद्धात सोमेश्वर समुद्रात बुडाला.

पण मुलांनो, राजांची नावं आपल्याला पुस्तकात सापडतात. गाईंसाठी जीव देणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. तो शेतकरी असेल, गुराखी असेल. तो होऊन गेला, याचा एकच पुरावा उरलाय, तो म्हणजे हा दगड. आणि त्याचे हाल काय सांगावेत! कुठे त्यावर ऑईलपेंट फासलाय, कुठे तो भिंतीत चिणलाय, तर कुठे त्यावर धुणं आपटतात. दगड झिजला, फुटला, की तो माणूस पुरता पुसला गेला.

म्हणून या सुट्टीत एक काम करा. आई-बाबांना किंवा आजोबांना बरोबर घ्या आणि गावचं जुनं देऊळ, वेस, पार, तळ्याचा काठ बघून या. वीरगळ सापडला, तर चौकटी मोजा, वहीत चित्र काढा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याची गोष्ट विचारा. दगड हलवू नका, खरवडू नका, त्यावर खडूने गिरवू नका. कुणी त्याला शेंदूर लावून पुजत असेल, तर तोही तसाच राहू द्या. तुमची वही मात्र शाळेत बाईंना आणि ग्रामपंचायतीत जरूर दाखवा. दगड कशाचा आहे हे एकदा कळलं, की त्यावर धुणं आपटायला कुणाचा हात उचलणार नाही.

आणि हो, नीट वाकून बघा. खालची चौकट पुष्कळदा मातीत अर्धी बुडालेली असते, आणि गोष्ट तर तिथूनच सुरू होते!